वीस मिनिटं उडायचं, तासभर चार्जिंग

ड्रोन वीस मिनिटं उडतो आणि त्याची बॅटरी चार्ज व्हायला तास लागतो. मधल्या वेळात तीन मराठी माणसांनी न्यूझीलंडच्या कुरणात उभं राहून करायचं काय? एक तर खातात, नाहीतर घोळ घालतात. आमचे किस्से साठले ते असे.

२०१७ साल. हॅमिल्टनमध्ये समीरने चांगली नोकरी सोडून ड्रोनने शेतांचे नकाशे काढायचा उद्योग सुरू केला होता. बायकोकडून एक वर्ष मागून घेतलं होतं. वर्षात सीझनभराचं पक्कं काम मिळालं नाही तर ड्रोन कपाटात आणि समीर परत ऑफिसात! जोडीला मी आणि नागपूरचे कांबळेसाहेब. ते इलेक्ट्रिकल इंजिनिअर, बोलणं मोजकं.

*

पहिलंच काम रॅग्लनच्या बीचवर. गाडीच्या बॅटरीला इन्व्हर्टर लावला, त्याला चार्जर जोडला. समीर पुण्याचा. उभ्या गाडीचं इंजिन चालू ठेवणं त्याच्या जिवावर येतं. त्याने ते बंद केलं.

दोन तासांनी ड्रोनच्या सगळ्या बॅटऱ्या फुल आणि गाडीची ठार! किल्ली फिरवली तर नुसतं टिक टिक.

कांबळेसाहेब शांतपणे म्हणाले, "आता ड्रोनला दोरी बांधा. तोच नेईल घरी."

शेवटी जँडल्स, म्हणजे इथल्या रबरी चपला, घातलेल्या एका सर्फरने त्याच्या गाडीला वायर जोडून आमची चालू करून दिली.

*

मग आम्ही पेट्रोलवर चालणारा छोटा जनरेटर घेतला. दसरा आला. समीरच्या आईने पुण्याहून व्हिडिओ कॉलवर बजावलं, "नवीन मशीन आहे, पूजा केल्याशिवाय हात लावायचा नाही!" समीरने गार्डन सेंटरमधून झेंडू आणले आणि जनरेटर फुलांनी मढवून टाकला.

दुसऱ्या दिवशी शेतावर जनरेटर दोनदा खोकला आणि बंद पडला. कांबळेसाहेबांनी झाकण उघडलं आणि चिमट्याने एकेक पाकळी बाहेर काढली.

"समीर, आईंना सांग, पूजा पोचली. अगदी एअर फिल्टरपर्यंत!"

*

समीरची मुलगी इरा तेव्हा सात वर्षांची. शाळेत टीचरने विचारलं, बाबा काय करतात? समीरला वाटलं, ही ऐटीत सांगणार, पायलट!

इरा म्हणाली, "ही चार्जेस बॅटरीज. हीप्स ऑफ बॅटरीज."

आम्ही दिवसभर हसलो. समीर हसला नाही. वर्ष संपत आलं होतं आणि पक्कं काम काही मिळालं नव्हतं. आम्हालाही मनातून वाईट वाटत होतं.

*

आणि मग ब्रायनचा फार्म. गाईंचं मोठं कुरण, त्यातल्या पाण्याच्या चरांचा नकाशा हवा होता. आवडला तर सीझनभराचं काम देणार होता. दुसऱ्या दिवसापासून आठवडाभर पाऊस, म्हणजे त्याच दिवशी संपवणं भाग. नेमका जनरेटर घरी विसरलेला!

दुपारपर्यंत अर्धं काम झालं आणि बॅटऱ्या संपल्या. गाडीवर चार्जिंग चालू होतं, पण गोगलगायीसारखं. तेवढ्यात ब्रायन शेतातल्या चारचाकी क्वाड बाइकवरून आला.

"पॉवर हवीय का? मिल्किंग शेडमध्ये प्लग आहे."

समीर संकोचून म्हणाला, "नो नो, वी आर ऑल गुड!"

"स्वीट अ‍ॅज!" म्हणजे इथल्या भाषेत 'झकास!', असं म्हणून ब्रायन गेलासुद्धा.

समीर बघतच राहिला. "अरे, निदान एकदा तरी आग्रह करायचा!"

"इथे एकदाच विचारतात," कांबळेसाहेब म्हणाले. "जा आता. स्वतः माग."

समीर बॅटऱ्यांची बॅग घेऊन गेला. अर्ध्या तासाने बॅग तशीच घेऊन परत आला.

"काय झालं?"

"त्याने चहा विचारला."

"मग?"

"मी नको म्हटलं. तो एकटाच प्यायला."

"आणि पॉवर?"

"चहाला नाही म्हटल्यावर पॉवर कशी मागू?"

कांबळेसाहेब उठले. बॅग उचलली, शेडमध्ये गेले, ब्रायनला विचारून सगळे चार्जर लावले आणि त्याच्याकडचा चहाही पिऊन आले! ढग भरून यायच्या आत नकाशा पुरा झाला.

संध्याकाळी ब्रायनने तो लॅपटॉपवर नीट पाहिला. मान डोलावली. मग समीरकडे वळून म्हणाला, "पुढच्या सीझनचं सगळं काम तुम्हीच कराल का?"

समीरच्या चेहऱ्यावर तेच संकोचाचं हसू आलं. "ओह, नो नो..."

कांबळेसाहेबांनी मागून त्याच्या तोंडावर हात दाबला आणि मी ओरडलो, "येस!"