माह्या नावावरची एकेचाळीस पुस्तकं

"पान उलटू नकोस. नुसतं धरून बस."

असं म्हणून वाचनालयाच्या सचिवानं पुस्तक माह्या हातात दिलं. त्याआधी माहे हात उलटेसुलटे करून पाहिले. कापूस वेचून बोटं चिरलेली. "पुसून घे," म्हणे. मी ओढणीले पुसले.

अकोल्याहून तपासणीचा साहेब येणार होता. वाचनालय सरकारी अनुदानाचं, अन् एरवी तिथं चार म्हातारे पेपर वाचत. म्हणून दरसाली तपासणीच्या दिवशी आमच्या बौद्धवस्तीतल्या पोराइले बोलावणं ये. चांगले कपडे घालायचे, दोन तास पुस्तक धरून बसायचं, बिस्किटाचा पुडा घेऊन घरी जायचं. माय सचिवाच्याच वावरात कापूस वेचे, ती खुशीनं धाडे. "सचिवसाहेब आपल्याले बोलावते, काही कमी हाये काय?" मलेही तसंच वाटे. आता आठवलं की स्वतःचीच लाज वाटते.

मी आठवीत होती. वाचायचं लय वेड. घरात पुस्तक नाही, मंग बियाण्याच्या थैलीवरचं बारीक अक्षरही सोडत नव्हती. त्या दिवशी हातात गोष्टीचं पुस्तक आलं. पहिल्याच पानावर एक पोरगी विहिरीत पडते. वर निंगते का नाही, मले पाहायचं होतं. मी पान उलटलं.

सचिवानं पुस्तक ओढून घेतलं. "धरायला सांगितलं होतं. खराब करायला नाही."

साहेब आला. त्यानं पुस्तकं घरी नेल्याच्या नोंदीचं रजिस्टर उघडलं अन् माहं नाव वाचलं. "या मुलीनं वर्षभरात एकेचाळीस पुस्तकं वाचली? कोण आहे ती?"

मी उभी राहिली. टेबलापाशी गेली. पानापानावर माहं नाव, समोर माही सही. गोल, वळणदार अक्षर. माहं अक्षर तसं नव्हतंच.

"साहेब, मी एकही नाही वाचलं. हे सही माही नाही. आमाले पुस्तक घरी देतच नाहीत."

सचिव हसला. "घाबरली आहे. यांना बोलायची सवय नसते." साहेबही हसला. चहा आला. चहा पिऊन साहेबानं रजिस्टरवर सही केली अन् गेला.

मी म्हटलं, "ते विहिरीचं पुस्तक द्या. माह्या नावावर तं हायेच."

"तुमच्या घरात पुस्तक ठेवायला फळी तरी आहे का?"

बिस्किटाचा पुडा पुढे आला. मी घेतला नाही. बाकीच्या पोराइनं घेतला. घरी मायनं मारलं. "काहून तोंड उघडलं व? त्याच्या वावरात आता कोण बोलावन आपल्याले?" खरंच कोणी बोलावलं नाही. त्या साली माय दुसऱ्या गावाले पायी वेचणीले जाये. मले मारल्यावर तीच रडली होती.

आता मी अमरावतीले झेरॉक्सच्या दुकानात काम करतो. दर रविवारी गावच्या विहारात पोराइले घेऊन बसतो, वाचून घेतो, लिहून घेतो. कधी पाच येतात, कधी एकच. वेचणीच्या दिवसात तं कोणीच नाही. रिकाम्या सतरंजीवर बसलं की जीव तुटते. वाटते, कायले मरून राहिली तू? कोणाले पडली हाये वाचायची?

मागच्या रविवारी सचिवाचा निरोप आला. तोच सचिव, आता म्हातारा झाला. "तपासणी आहे. तुझी मुलं पाठव."

विहिरीतली पोरगी वर निंगाली का नाही, मले अजून माहीत नाही. पुस्तक त्याच कपाटात हाये.

मी निरोप धाडला. पोरं येतील, मीही येईन. कोणाचे हात तपासू देणार नाही. पोरं पानं उलटतील, अन् जाताना पुस्तकं घरी नेतील. नाही देलीत, तं साहेबासमोर रजिस्टर मी उघडीन. त्यात आता या पोराइचीच नावं असतील. एकेक नाव मोठ्यानं वाचीन अन् त्या त्या पोराले उभं करून विचारीन, सांग, तू हे वाचलं काय?