कॅमेऱ्यावरची टिकली

आज लेकीने माझ्या आरशाला चिकटवलेली टिकली काढली आणि तिच्या लॅपटॉपच्या कॅमेऱ्यावर लावली. "कुणी बघत असलं तर?" एवढंच म्हणाली आणि अभ्यासाला बसली. मी मात्र तेव्हापासून धड कुठे बसलेली नाही.

लहानपणी आमच्याकडे लाकडी शटरचा टीव्ही आला, तेव्हा मला पक्कं वाटायचं की बातम्या देणाऱ्या बाईंना आपलं घर दिसतं. त्या सरळ माझ्याकडेच बघून बोलायच्या. म्हणून बातम्यांच्या आधी मी वेणी नीट करायची, पसरलेली भातुकली पलंगाखाली ढकलायची. फ्रॉक बदलायचा तर आधी शटर ओढून घ्यायची. आई हसायची. "अगं वेडे, त्यांना काय दिसतंय?" तेवढ्यावर माझी भीती जायची, निदान दुसऱ्या दिवसाच्या बातम्यांपर्यंत.

आज तेच वाक्य माझ्या ओठांवर आलं आणि तिथेच अडलं. लेकीला ते सांगायची हिंमत झाली नाही. उलट मीच दोनदा माझा फोन पालथा घातला आणि दोनदा सरळ केला. आरशावर टिकलीच्या जागी डिंकाचा गोल डाग उरलाय, त्याच्याकडेही बघवत नाही.

बातम्या संपल्या की त्या बाई हात जोडायच्या. मीही उभी राहून नमस्कार करायची. मग आई शटर ओढायची आणि आम्ही निवांत जेवायला बसायचो, कारण बघणारं माणूस निरोप घेऊन गेलेलं असायचं.

आता जे कुणी बघतंय, ते जातच नाही.