कोण कुठे बसलं

आखाती युद्ध सुरू झालं तेव्हा मी रियाधला, अल सुलैमधल्या एका गोदामात टायपिस्ट होतो. तालुक्याच्या शाळेतून आलेला, घरातला पहिला पदवीधर. माझे साहेब अमेरिकेचे. काळ्या वर्णाचे, पिकल्या केसांचे. कामगारांची सुरक्षा आणि त्यांच्या कॅम्पचं साप्ताहिक पत्रक ही दोन्ही कामं त्यांच्याकडे होती.

क्षेपणास्त्राचा सायरन वाजला की अधिकारी एका पक्क्या खोलीत जात. विषारी वायू आत येऊ नये म्हणून तिथल्या सगळ्या फटी टेप लावून बंद केलेल्या होत्या. आम्ही कोकणातली माणसं पत्र्याच्या बराकीत बसायचो.

"तुझ्या सायबाला सांग, आम्हाला पण टेप दे," गोदामातले चाचा म्हणाले. "पण आधी भिंती दे, मग टेप."

मी हे साहेबांना सांगितलं. ते हसतील असं वाटलं होतं, हसले नाहीत, स्वतःची गोष्ट सांगू लागले. अमेरिकेच्या दक्षिणेत, जिथे पूर्वी फक्त गोरी मुलं शिकत, अशा विद्यापीठात ते पहिल्या काळ्या विद्यार्थ्यांपैकी एक होते. मेसमध्ये त्यांच्या टेबलावर कुणी बसत नसे. विद्यार्थ्यांच्या वर्तमानपत्राचा संपादक त्यांची मुलाखत घ्यायला आला.

"मी म्हटलं, माझ्यावर लिहू नकोस, मला लिहू दे," साहेब म्हणाले. "त्यानं लिहू दिलं. मी दर आठवड्याला लिहायचो, जेवायला काय होतं आणि टेबलावर कोण होतं. बरेच दिवस एकच उत्तर होतं, कुणी नाही."

"मग?"

"मग एक मुलगा ताट घेऊन आला. म्हणाला, तेच ते वाचायचा कंटाळा आला."

त्या आठवड्याच्या पत्रकात साहेबांनी मला टाइप करायला सांगितलं: 'सायरन झाला. अधिकारी बंद खोलीत. कामगार पत्र्याखाली.' खाली तेच हिंदीत मी लिहिलं.

मॅनेजर पत्रक घेऊनच आत आले. "ही काय बातमी आहे?"

"यातलं खोटं काय ते दाखवा, काढतो."

"तुमचा करार माझ्या सहीनं वाढतो."

"माहीत आहे," साहेब म्हणाले आणि पुढच्या आठवड्यात तेच पुन्हा छापलं.

संध्याकाळी मगरिबच्या नमाजानंतर एकदा सायरन झाला, तेव्हा मास्क घेऊन साहेब आमच्या बराकीत आले. चाचांनी खाटेवर जागा केली. "वाट चुकले काय रे?" ते मला म्हणाले. त्याच्या पुढच्या सायरनला एक गोरा इंजिनिअरही दारात उभा राहिला. जागा आहे का, म्हणाला.

काही दिवसांनी मॅनेजरनी पक्की खोली सर्वांसाठी उघडली. पत्रकात आलं: 'सायरन झाला. सगळे एका खोलीत. दाटी झाली.'

"दाटीचं कशाला छापलं?" चाचांनी विचारलं. मी साहेबांना विचारलं.

"झाली होती म्हणून," ते म्हणाले.

त्यांचा करार वाढला नाही. ते गेले तेव्हा शेवटचं पत्रक मी एकट्यानं टाइप केलं. विमानतळावर त्यांना सोडायला कोण कोण गेलं, तेवढंच त्यात लिहिलं. चाचांचं नाव पहिलं होतं.