दुसऱ्याच्या परवान्यावरचा अपघात

वाहन परवान्यावर दंडाचे पॉइंट देण्याची योजना येऊ घातली आहे, त्याने अपघात कमी होतील का, यावर लेख हवा, असा निरोप वृत्तपत्राच्या जिल्हा कार्यालयातून आला तेव्हा मी गडचांदूरच्या घरी होतो. कुंपणापलीकडे शेजारी अंगणात पाय धूत होता. तो नुकताच जामिनावर सुटून आला होता. त्याच्या नावावर एका मुलीचा मृत्यू लागला होता.

शेजारी जुना ट्रक ड्रायव्हर. गल्लीत सगळे त्याला भाऊ म्हणत. स्टिअरिंग सोडून त्याला काही वर्षे झाली होती. एका डोळ्यात मोतीबिंदू पिकला होता आणि दुसराही धड नव्हता. अंगणात चालतानाही तो भिंतीला हात लावून चाले. जड वाहनाचा परवाना मात्र चालू होता. जुना मालकच तो दरवेळी नवा करून आणी. इथल्या काही खासगी ट्रकमालकांची एक रीत आहे, तिला ते 'हजर करणं' म्हणतात. अपघात झाला की गाडी चालवणारा निघून जातो आणि ठाण्यात दुसरा ड्रायव्हर हजर होतो. तो बहुधा उतारवयाचा असतो, परवान्यावर ज्याचे पोट राहिलेले नाही असा. चालवणाऱ्याचा परवाना स्वच्छ राहतो आणि मालकाचा माणूस कामावर राहतो.

"तुम्ही चालवत होता?" मी कुंपणावरून विचारले.

"कागदावर मीच." त्याने तांब्या पालथा घातला. "मले इथून तुमचं तोंड दिसून नाई राह्यलं, टिप्पर काय चालवतो? पोरगा होता. माह्याच हाताखाली क्लीनर होता, माह्याच गाडीवर शिकला. आता त्याले लेकरू हाय. त्याचं लायसन गेलं तं काय खाईन तो? माहं काय, वापरून झालेलं लायसन."

मी काही बोलायच्या आत तो म्हणाला, "अन् हे छापू नका. छापलं तं मी नाई म्हणन."

घटना सकाळची होती. जिवतीच्या घाटाखाली रस्ता एका नाल्यावरून वळतो. तिथल्या झाडांखाली मायलेकी मोहफुले वेचत होत्या. मुलगी कॉलेजात शिकत होती आणि सुटीला घरी आली होती. भरलेली टोपली घेऊन ती रस्त्याच्या कडेला आली तेव्हा चुनखडीने भरलेला टिप्पर वळण कापून आला. आई झाडाखाली होती. तिने सगळे पाहिले. ठाण्यातल्या जबाबात तिने ड्रायव्हर तरुण होता असे सांगितले होते. बाई भानावर नव्हती, असे त्यावर मला ठाण्यात सांगण्यात आले.

लेखासाठी मी लोकांना भेटत होतो. परिवहन खात्याचा एक निरीक्षक म्हणाला की पैशांचा दंड माणूस भरतो आणि विसरतो, पॉइंट त्याच्याबरोबर राहतात. परवाना जाईल ही भीती रोजची असते आणि रोजची भीती पायाला ब्रेकवर ठेवते. मी ते लिहून घेतले. त्यात चूक काढण्यासारखे काही नव्हते. स्वतःची मोटारसायकल स्वतः चालवणारा कोरपन्याचा शिक्षक किंवा पगारावरचा बसचालक यांच्या बाबतीत ते खरे ठरेल, असे मलाही वाटले.

राजुरा रस्त्यावरच्या ढाब्यात बाजेवर बसलेल्या ड्रायव्हरांना मी तेच विचारले.

"पॉइंट देऊन राह्यले म्हणते," एक जण म्हणाला. "किती जमले की बक्षीस हाय?"

"हाय ना. बायकोजवळ घरी बसाचं."

"मंग लौकर द्या म्हणा बावा!"

हसणे ओसरल्यावर त्यांच्यातला थोराड ड्रायव्हर म्हणाला, "साहेब, पॉइंट मालकाले द्या. फेऱ्या तो मोजते. अन् लायसन आमच्या खिशात कुठी राहते? त्याच्या टेबलाच्या खणात राहते. पॉइंट लागन तं खणाले लागन."

कॅमेरा नंबर प्लेट वाचतो. प्लेटवरून मालक सापडतो. त्या वेळी स्टिअरिंगवर कोणाचे हात होते ते मालक सांगतो. या तीन वाक्यांपलीकडे माझा लेख तेव्हा सरकला नव्हता.

त्याच आठवड्यात मुलीच्या गुड्यावरून, म्हणजे डोंगराखालच्या त्यांच्या वस्तीवरून, पोलीस पाटलाकरवी भाऊला निरोप आला. त्या भागात जंगलात कोणाचा जीव गेला, वाघाने नेला किंवा अंगावर झाड पडले, तर त्या जागी दगड ठेवतात. येणारा-जाणारा त्यावर एक डहाळी टाकून पुढे जातो. हळूहळू ढीग होतो. मुलीच्या जागीही तसा दगड ठेवला होता. आईचे म्हणणे एवढेच होते, की ज्याच्या हातून लेक गेली त्याने यावे आणि एक डहाळी टाकावी. ती पडल्याशिवाय मेलेले माणूस जागा सोडत नाही, असे त्या गुड्यावर मानतात. तिने भरपाईचा विषय काढला नव्हता.

भाऊला मी माझ्या मोटारसायकलवर घेऊन गेलो. वाटेत त्याने सागाची एक डहाळी तोडून घेतली. आई ढिगाजवळ बसली होती, बाजूला पोलीस पाटील उभा होता. तिने भाऊकडे नीट पाहिले.

"हा नोहे," ती पाटलाला म्हणाली.

"बाई, ठाण्यात याचंच नाव हाय."

"नाव असन." मग ती भाऊकडे वळली. "भाऊ, माह्या लेकीले पाणी कशात पाजलं तुमी?"

भाऊ म्हणाला, "बाटलीनं, बाई."

"बाटली लावली होती पैले. सारं पाणी गालावरून सांडलं. मंग त्यानं बाटली खाली ठेवली अन् ओंजळीनं पाजलं. मी रस्ता ओलांडून येईपर्यंत पळाला." ती हे सावकाश, आवाज न चढवता सांगत होती. "तुमची डहाळी नाई चालत. त्याले पाठवा. मी त्याले काई करत नाई. शिवी बी नाई देणार. तो आल्याबिगर ती इथून हालत नाई. दिसभर इथीच उभी राहते, टोपली घेऊन."

पाटील दुसरीकडे पाहू लागला. भाऊने डहाळी टाकली नाही. ती हातात धरून तो घरापर्यंत मागे बसून आला.

त्याने पोराला बोलावून सांगितले. पोरगा नाही म्हणाला. एकदा त्या जागी उतरलो की मीच होतो हे साऱ्या गावाले दिसन, मंग तुमी ठाण्यात काऊन गेले होते काका, असे त्याने विचारले. त्याचा प्रश्न बरोबर होता. त्यानंतर तो भाऊच्या घरी आला नाही. मालकाकडे त्याने राजुऱ्याकडच्या, त्या वळणावरून न जाणाऱ्या, फेऱ्या मागितल्या.

पावसाळ्यात भाऊमध्ये फरक पडला. तो आधी त्याच्या बायकोला जाणवला. दुपारी डोळा लागला की तो उजवा पाय बाजेवर दाबतो आणि ब्रेक लागत नाही म्हणतो, असे तिने माझ्या घरी येऊन सांगितले. "तुमी शिकले-सवरले हा, जरा समजवा त्याईले," ती म्हणाली. "गाडीच नाई तं ब्रेक कायचा?"

मी गेलो तेव्हा भाऊ ओसरीवर बसून हात पाहत होता.

"पाणी लई थंडं होतं," तो म्हणाला. "रातभर केबिनमधी होतं ना. ओंजळ कापत होती माही. तिचे दात लागले, इथी." त्याने उजव्या हाताचे बोट पुढे केले.

"हे त्या पोराने सांगितले?"

"त्यानं काऊन सांगाव? मले आठवते."

ओंजळीची गोष्ट आईने माझ्यासमोर सांगितली होती. दातांची सांगितली नव्हती. पोराने अपघातानंतर भाऊला काय काय सांगितले होते, हे मला माहीत नाही. त्यानेच सांगितले असेल, हे एक स्पष्टीकरण आहे. त्याची खात्री मी करू शकलो नाही. भाऊच्या बोटावर काही खूण नव्हती, एवढे मी पाहिले.

लेख छापून आला. त्यात मी लिहिले की पॉइंट अपघात कमी करू शकतात, पण परवाना ज्याचा आणि स्टिअरिंग ज्याच्या हातात तो माणूस एकच असेल तिथे. फेरीवर मजुरी मिळते आणि परवाना मालकाजवळ राहतो तिथे पॉइंट भलत्याच माणसावर साचत जातील, आणि वळण कापणारा उद्याही ते कापेल. भाऊचा उल्लेख लेखात नव्हता. जी शिक्षा चुकीच्या माणसाला दिली जाते ती त्या माणसाचे काय करते, याबद्दलही त्यात काही नव्हते. ते लेखाच्या विषयात बसत नव्हते.

कापूस वेचणीच्या दिवसांपर्यंत भाऊ त्या जागी नेमाने जाऊ लागला होता. शेअर जीपवाला त्याला वळणावर उतरवी. आईने त्याला हाकलणे सोडले होते. तो ढिगाच्या एका बाजूला बसे, ती दुसऱ्या बाजूला. ढीग कमरेइतका वाढला होता आणि त्यावरची पाने येत्या-जात्या गाड्यांच्या धुळीने राखाडी झाली होती. वळणावर दोन माणसे बसलेली पाहून टिप्पर हळू होत. तिथे पुन्हा कोणाचा जीव गेल्याची बातमी माझ्याकडे आली नाही. त्यावरून काही सिद्ध होत नाही.

एके दिवशी जिवतीहून परतताना मी तिथे थांबलो. दुपार होती.

"मीच होतो, बाई," भाऊ सांगत होता. बहुधा रोज सांगत असावा.

"नाई, भाऊ," ती म्हणाली. तापातल्या माणसाशी बोलावे तसा तिचा आवाज होता. "तुमी नव्हते."

घाटाकडून भरलेला टिप्पर येण्याचा आवाज झाला. भाऊने मान वर केली. त्याला एवढ्या लांबचे दिसत नव्हते. "तो हाय," तो म्हणाला. "माह्यासारखाच गिअर टाकते." राजुऱ्याकडच्या फेऱ्या बंद झाल्या होत्या की मालकाने ऐकले नव्हते, ते मला नंतरही कळले नाही.

टिप्पर माणसाच्या चालीवर आला. केबिनच्या खिडकीतून एक हात बाहेर आला. त्यात पळसाची डहाळी होती. हाताने ती ढिगाकडे भिरकावली, ती कडेला पडली आणि टिप्परने वेग घेतला. भाऊ हात वर करून अडखळत रस्त्यावर धावला. "अबे थांब! उतर ना बे!" तो ओरडला. टिप्पर नाला ओलांडून वळला आणि दिसेनासा झाला.

आई उठली. तिने ती डहाळी उचलली, रस्त्याच्या मधोमध नेली आणि ठेवून दिली. "उतरून टाकाची असते," ती म्हणाली. कोणाला उद्देशून, ते स्पष्ट नव्हते.

आमच्याकडे रस्त्यात डहाळी दिसली की पुढे गाडी बंद पडली आहे असे ड्रायव्हर समजतात. मागून आलेल्या ट्रकने वेग कमी केला. ड्रायव्हरने खिडकीतून डोके बाहेर काढले. "बाई, पुढं गाडी उभी हाय का?"

"नाई," ती म्हणाली. "उभी नाई राह्यली."

त्याने डहाळीला वळसा घालून ट्रक पुढे नेला.