कुमुदबाईंची नववी चीज

बाई गेल्याचं इकबालभाईंनी सांगितलं तेव्हा मी वाचनालयाच्या पायऱ्या धूत होते. ते चष्मा हातात घेऊन बाहेर आले आणि म्हणाले, "सुलोचना, पाणी बंद कर गो जरा. पोलादपूरच्या कुमुदबाई काल गेल्या. भाच्याचा फोन होता." मी नळ बंद केला. मग काय करायचं ते कळेना, म्हणून परत चालू केला आणि धुतलेल्या पायऱ्याच पुन्हा धुतल्या. इकबालभाई आमच्या महाडच्या वाचनालयाचे ग्रंथपाल. मी तिथे झाडलोट करते, पाणी भरते, पुस्तकं पुसते. या गोष्टीला आज सव्वा महिना झाला. मला रडू आलं नाही, अजून आलेलं नाही. डोक्यात एकच गोष्ट फिरते आहे, आणि ती दुःखाची आहे की लाजेची, की नुसता गोंधळ आहे, हेही ठरवता येत नाही. माझं शिक्षण चौथीपर्यंत. बोलायला लागले की माझं पुढचं मागे आणि मागचं पुढे होतं. म्हणून लिहून बघते.

कुमुदबाई पोलादपूरला शाळेत शिकवायच्या. निवृत्त झाल्यावर त्या दर गुरुवारी एसटीने महाडला यायला लागल्या. कापडी पिशवीत डबा, भिंग आणि कोऱ्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा. पहिल्याच दिवशी त्यांनी इकबालभाईंना विचारलं, "गाण्याची जुनी पुस्तकं आहेत का? गायला शिकवणारी नकोत, चीज कुणी बांधली ते सांगणारी हवीत." शास्त्रीय गाण्यात गायक जे चार ओळींचं पद धरून तास तास गातो त्याला त्या चीज म्हणायच्या. ऐकणाऱ्याला वाटतं हे असंच आभाळातून आलं, पण प्रत्येक चीज कुणीतरी माणसाने बसून बांधलेली असते, असं त्यांनी मला समजावलं. बांधणारे बहुतेक जण शेवटच्या ओळीत आपलं नाव गुंफतात. ज्यांनी गुंफलं नाही त्यांची चीज राहते आणि माणूस जातो.

बाईंची आत्या तशांपैकी होती. लहानपणी मुंबईला मामाकडे असताना ती गाणं शिकली, मग पोलादपूरला आली आणि पुढे जन्मभर घरातच गायली. तिने बाईंना नऊ चिजा शिकवल्या आणि सांगितलं, या मी बांधल्या. एकीतही तिचं नाव नाही. "आपलंच नाव आपण गायचं याची तिला लाज वाटली असणार," बाई म्हणायच्या. मला ते लगेच पटलं. माझंही नाव मी कुठे मोठ्याने सांगत नाही. बाईंना त्या नऊ चिजांचं एक छोटं पुस्तक छापायचं होतं, वर आत्याचं नाव घालून. पण त्याआधी त्यांना खात्री हवी होती की यांतली एकही दुसऱ्या कुणाची नाही. "एक जरी आधी छापलेली निघाली ना सुलोचना, तर आत्या खोटं बोलली असा त्याचा अर्थ होईल. आणि मग बाकीच्या आठांचं तरी काय खरं?"

एका वकिलांच्या घरून वाचनालयाला मिळालेली गाण्याच्या पुस्तकांची दोन कपाटं आमच्याकडे आहेत. ती कुणी उघडत नसे. बाईंनी उघडली. शोधायची त्यांची रीत मी बघून बघून शिकले. नवं पुस्तक हातात आलं की त्या आधी त्याचं शेवटचं पान काढायच्या, कारण लिहिणाऱ्याने कुठली कुठली पुस्तकं पाहिली त्यांची यादी तिथे असते. "ही यादी म्हणजे पत्ते. एका घरी जायचं, तिथून दुसऱ्या घरचा पत्ता घ्यायचा." जे पुस्तक आमच्याकडे नसेल त्यासाठी त्या पुण्या-मुंबईच्या ग्रंथालयांना पत्र लिहायच्या, सोबत स्वतःचा पत्ता घातलेलं पाकीट जोडायच्या. कुणी उत्तर द्यायचं, कुणी नाही. चिजांच्या पहिल्या ओळी त्यांनी अआइईप्रमाणे लावल्या होत्या, म्हणजे कुठलंही पुस्तक आलं की पटकन ताडून बघता येई. मधल्या सुट्टीत त्या मला बोलवायच्या, "ये गं, भिंग धर." मी खाली बसायचे, त्या खुर्ची दाखवायच्या, मी खालीच बसायचे.

नववी चीज नदीची. पाणी चढलंय, पलीकडे जायचंय, होडीवाला हाक ऐकत नाही, एवढाच तिचा अर्थ. बाई हळू आवाजात गायच्या आणि म्हणायच्या, "ही आपली सावित्री. आत्याने दुसरी नदी पाहिलीच कुठे?" इकबालभाई टेबलावरून मान न उचलता बोलायचे, "बाई, पाणी काय, सगळीकडंच चढतं. होडीवाले तर सगळ्या मुलखातले बहिरेच." बाई म्हणायच्या, "तुम्ही नोंदवही लिहा, टीका नको." आणि दोघं हसायची. मला ती चीज पाठ झाली. पाठ झाली हे मी कुणाला सांगितलं नाही.

आता माझ्याकडून काय झालं ते लिहिते. बाई यायला लागल्या त्याच्या आधी महाडला मोठा पूर येऊन गेला होता. वाचनालयात छातीइतकं पाणी. ओसरल्यावर दार उघडलं तर पुस्तकं कुठली आणि गाळ कुठला तेच कळेना. आठवडाभर मी आणि इकबालभाई पुस्तकं गच्चीवर नेऊन सुकवत होतो, पानं विलग करून मधे जुने पेपर घालत होतो. पुष्कळांचे पुठ्ठे सुटून आले होते. नावाचं पहिलं पान पुठ्ठ्याला चिकटून पुठ्ठ्यासोबतच निघालेलं. मला गोधड्या शिवायची सवय, म्हणून इकबालभाईंनी दाभण आणि जाड दोरा आणून दिला. मी पानांचे गठ्ठे शिवले, खळ लावली, पुठ्ठे बसवले. अक्षरं जिथे वाचता आली तिथे वाचून, आणि जिथे गाळाने पुसली होती तिथे मापाने. ज्या पुठ्ठ्यात जो गठ्ठा बसला तो त्याचा. इकबालभाई म्हणाले, "बसलं ना? मग झालं. एवढी वाचली हेच नशीब." मला माझ्या कामाचा फार अभिमान वाटला होता. पुढे बाई आल्या तेव्हा त्यांनीही टाक्यांवरून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "इतकी पुस्तकं तू जगवलीस गं. तू नसतीस तर मी इथे काय बघितलं असतं?"

गेल्या वर्षी दिवाळीनंतरचा एक गुरुवार. बाई दुसऱ्या कपाटातलं एक पुस्तक बघत होत्या. मी खिडकीची जाळी पुसत होते. भिंग टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. मी वळून बघितलं तर बाई पुस्तकाच्या मधल्या पानावर बोट ठेवून बसल्या होत्या. नदीची चीज तिथे छापलेली होती. शब्द तेच, सूर लिहिण्याच्या खुणा तशाच, फक्त बांधणाऱ्याचं नाव नाही. मग त्यांनी पुस्तकाचं पहिलं पान उघडलं, साल वाचलं, आणि इकबालभाईंना म्हणाल्या, "आत्याचा जन्म याच्यानंतर चार वर्षांनी झाला."

इकबालभाई उठून आले. त्यांनीही साल वाचलं. या वेळी ते काही गमतीचं बोलले नाहीत. बाईंनी एक चिठ्ठी लिहिली, पिशवी आवरली, डबा न खाताच एसटीला गेल्या.

त्या वेळी मला काही कळलं होतं का? हे मी गेले तीन आठवडे स्वतःला विचारते आहे. कधी वाटतं की नाही, मला काय कळणार. कधी वाटतं की त्यांनी पहिलं पान उघडलं तेव्हा त्याचा कागद मला जाड दिसला होता, आतल्या पानांपेक्षा जाड, आणि मी जाळी पुसत राहिले... चौथी शिकलेल्या बाईने शिक्षिकेला काय सांगायचं? की हे मी आता मागून रचते आहे? खरंच सांगते, मला नाही कळत.

पुढचे गुरुवार बाई आल्या नाहीत. माझं माहेर पोलादपूरच्या वरच्या अंगाला एका वाडीत आहे. शिमग्याला गेले तेव्हा वाटेत त्यांच्या घरी डोकावले. फार उतरल्या होत्या. पोटाचा आजार निघाला होता, पण त्याबद्दल त्या बोलल्या नाहीत. चहा त्यांनीच केला. म्हणाल्या, "भाच्याला सांगितलंय, आठच छाप. नववी काढून टाक. पण आता त्या आठही गायला बसले की मधेच थांबते. आत्या समोर येते आणि मी तिच्याकडे संशयाने बघते." मग एकदम विचारलं, "तुला काय वाटतं गं, आत्या खोटं बोलली असेल?" मी म्हटलं, "नाय बाई." त्या म्हणाल्या, "कशावरून?"  मी कप विसळून ठेवला आणि निघाले. तीच शेवटची भेट.

त्या गेल्यावर पंधरा दिवसांनी त्यांच्या भाच्याने, श्रीकांतने, मुंबईहून इकबालभाईंना फोन केला. पुस्तक छपाईला जायचं होतं, नववी चीज का वगळली ते प्रस्तावनेत सांगायचं होतं, तर त्या पानाचा आणि साल असलेल्या पानाचा फोटो हवा होता. इकबालभाईंनी मोबाइल धरला, मी पुस्तक उघडून धरलं. उजेड यावा म्हणून पहिलं पान खिडकीसमोर उभं केलं, तर त्यातून उजेडाचा ठिपका माझ्या बोटावर पडला. किड्याने पाडलेलं भोक. पुठ्ठ्याला होतं, पहिल्या पानाला होतं, त्याच जागी. त्याच्या पुढच्या पानाला नव्हतं. किडा पुठ्ठ्यातून शिरून एक पान खाऊन थांबेल कसा?

मी कपाटातून तेवढ्याच मापाचं दुसरं पुस्तक काढलं. त्याच्या पुठ्ठ्याला आणि नावाच्या पानाला भोक नव्हतं. पण त्याच्या पुढच्या पानापासून वीस-पंचवीस पानं आरपार भोक होतं, त्याच जागी. मी गोधडीची सुई आणून सालाच्या पानातून या पानांत घातली. सरळ गेली.

"इकबालभाई," मी म्हटलं, "याचा पुठ्ठा मी त्याला लावलाय, त्याचा याला."

ते खाली बसले. म्हणाले, "म्हणजे बाईंनी वाचलं ते साल त्या चिजेचं न्हवतंच?" आम्ही दुसऱ्या पुठ्ठ्याचं नावाचं पान बघितलं. चिजेच्या पुस्तकाचं खरं साल तिथे असणार. साल होतं त्या जागी गाळाचा तपकिरी डाग आहे, आणि डागाखाली कागदाचं सालपटच निघालेलं आहे. वरचं नाव तेवढं दिसतं. इकबालभाईंनी त्या नावाने पुण्याला, मुंबईला पत्रं पाठवली आहेत, बाई जोडायच्या तसं पाकीट जोडून. एका ठिकाणहून 'आमच्या संग्रही नाही' असं आलं. बाकीची यायची आहेत.

म्हणजे आता काय आहे? ते पुस्तक आत्याच्या आधीचंही असेल, नंतरचंही असेल. नंतरचं असेल तर आत्याची चीज ऐकून कुणी छापली असेल. आत्या खरी की खोटी हे माझ्या सुईने ठरलं नाही. एवढंच ठरलं की बाईंनी ज्या पुराव्यावरून तिच्यावर संशय घेतला तो पुरावाच नव्हता, तो मी शिवलेला होता. शेवटचे सहा महिने बाई स्वतःच्या आत्याला पारख्या झाल्या. कधी वाटतं, भिंगातून बारीक खुणा टिपणाऱ्या बाईंना ते भोक दिसलं नसेल? दिसलं असेल आणि मला वाईट वाटेल म्हणून बोलल्या नसतील? पण मग आत्यासाठी तरी बोलल्या असत्या. इथे आलं की माझा दोरा तुटतो.

श्रीकांतला फोन मी केला. इकबालभाई म्हणाले होते, मी सांगतो, पण मीच हात पुढे केला. आयुष्यात एवढं सलग मी कुणा परक्या माणसाशी बोलले नव्हते. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "मावशी, छापखान्यात गेलंय. आता नववी घालायची तर खाली काय लिहू? आत्याआजीची आहे म्हणून लिहू?"

"तसं नका लिहू," मी म्हटलं. "ते आपल्याला माहीत नाय."

"मग तिची नाही म्हणून लिहू?"

"तेही माहीत नाय."

"मग काय लिहू, मावशी?"

"आत्याने बाईंना शिकवली, एवढं लिहा. तेवढं तर खरं हाय ना?"

त्याने विचार करून कळवतो म्हणून फोन ठेवला. अजून कळवलेलं नाही. मी रोज इकबालभाईंकडे बघते, ते रोज मान हलवतात.

त्या दोन पुस्तकांचे टाके मी उसवले आणि ज्याचा पुठ्ठा त्याला लावला. चिजेच्या पुस्तकाचे टाके वेडेवाकडे आले आहेत. दुसऱ्या दिवशी झाडायला गेले तर बाई बसायच्या त्या टेबलासमोरच्या कपाटात इकबालभाईंनी त्या पुस्तकावर एक चिठ्ठी डकवलेली. ठळक अक्षरात लिहिलं होतं: 'हे पुस्तक पाहण्यापूर्वी सुलोचनाबाईंना विचारावे.' मी म्हटलं, "काढा ती, लोक हसतील." ते म्हणाले, "साल नाय, पुरावा नाय, तुझ्याशिवाय त्याची माहिती हाय कुणाला?"

चिठ्ठी तिथेच आहे. अजून कुणी विचारायला आलेलं नाही. गुरुवारी दुपारी टेबल पुसताना मी काय सांगायचं ते मनात लावून बघते, आणि दर खेपेला वेगळ्याच ठिकाणाहून सुरुवात होते... कधी पुरापासून, कधी आत्यापासून, कधी बाईंच्या त्या प्रश्नापासून. कुणी आलं तर निदान मधे थांबायला नको, म्हणून हे सगळं एकदा लिहून काढलं.