होस्पेटच्या मुक्कामी हरवलेला डबा

ती घटना आठवली की आजही मला हसू आवरत नाही. त्या सकाळी मात्र चांगलाच घाम फुटला होता.

ऐंशीच्या दशकात मी ठाणे शहरात फौजदार म्हणून नेमणुकीला होतो. मोठ्या मिनतवारीने रजा मिळाली आणि नौपाड्यातून सुटणाऱ्या सहलीच्या बसने सहकुटुंब हंपीला निघालो. भग्नावशेष पाहण्याआधी होस्पेटला एक दिवस निवांत मुक्काम होता. सहलीचा आचारी बरोबर असल्यामुळे सकाळी गरम पोहे मिळाले. डोंबिवलीचे एक निवृत्त मास्तर चहा घेता घेता म्हणाले, "आज हवा कशी शुद्ध आहे!"

तेवढ्यात आमच्याच बसमधल्या, ठाण्याच्या कोळीवाड्यातल्या एक मावशी ओरडत आल्या. त्यांचा सुक्या बोंबलांचा डबा नाहीसा झाला होता. सगळे हसले. मावशी माझ्या कानाशी लागल्या.

"सायेब, बोंबलांखाली पाटल्या व्हत्या. माजे पोरीचं लगीन हाय. मी आता कं करू?"

घरच्या कुलपाचा भरवसा नाही म्हणून सोनं बरोबर, आणि बोंबलांना कोण हात लावतो म्हणून डबा खोलीबाहेर! माझी रजा तिथेच संपली.

खबर लगेच आली. खबर द्यायला आपल्या लोकांना पगार लागत नाही. आचाऱ्याला पहाटे डब्याजवळ पाहिलं होतं म्हणे. मी त्याला बाजूला घेतलं आणि नुसता गप्प बसलो. पोलिसाचं गप्प बसणं भल्याभल्यांना सोसत नाही.

"साहेब, दोनच बोंबील घेतलेले," तो रडकुंडीला येऊन म्हणाला. "भाजून खाल्ले. आईशप्पथ, डबा तिथेच ठेवलेला."

"भाजले कशात?"

"पोह्यांच्या कढईत."

हा भाग मी कोणालाच सांगितला नाही, कारण मास्तरांनी पोहे दोनदा मागून घेतले होते. पण मास्तर आठवले आणि डोक्यात प्रकाश पडला. ठाण्यापासून बसमधल्या वासाची तक्रार करणाऱ्या माणसाला आज हवा शुद्ध वाटली, तीही मावशींनी ओरडण्याआधी!

"मास्तर, डबा कुठे आहे? आत सोनं आहे."

मास्तर पांढरेफटक पडले. "फेकला नाही हो! बसच्या टपावर ठेवला. मला काय माहीत आत सोनं आहे?"

आणि बस गेली होती डिझेल भरायला.

मावशी पायरीवर पदर तोंडाला लावून बसल्या. कोणी हसेना. अखेर बस वळणावर दिसली, तर टपावर घिरट्या घालणाऱ्या कावळ्यांची सभा भरलेली! डबा वळकट्यांमध्ये अडकून शाबूत होता. मावशींनी पाटल्या काढल्या आणि तशाच हातात चढवल्या.

"मास्तर, लगनाला या," त्या डोळे पुसत म्हणाल्या. "तुमचेसाठी वेगलं ताट ठेवीन."

दुसऱ्या दिवशी हंपीच्या अवशेषांतून पाटल्यांचा वास आमच्याबरोबर हिंडला. नाकाला रुमाल कोणी लावला नाही, मास्तरांनीही नाही.

चोरी झाली की कोणाचं काय गेलं, हे सगळेच विचारतात. पुढच्या नोकरीत मी आधी एवढंच पाहत असे, की त्या दिवशी कोणाला बरं वाटतंय.