कापसाशेजारचा डबा

प्रकाशा गावात हेमकांतची गेमची खोली सगळ्यांना ठाऊक. बी.एस्सी. करून नोकरी मिळाली नाही, तेव्हा त्याने बाहेरच्या खोलीत मोठा टीव्ही लावला, जपानी कंपनीचा गेमचा डबा आणला आणि गावच्या पोरांना तासावर खेळायला बसवलं. काम वाईट नव्हतं. वाईट होती ती त्याची ऐट. मोठ्या कंपन्या एकमेकींची गिऱ्हाइकं कशी पळवतात, एकीचा खेळ दुसरीच्या डब्यात कसा चालू देत नाहीत, हे सगळं तो मोबाइलवर वाचायचा आणि त्यातल्या एका कंपनीचा जावई असल्यासारखा बोलायचा.

मग मागच्या गल्लीत त्याचा चुलतभाऊ सुपडू याने अमेरिकन कंपनीचा डबा आणला. त्यात वर्गणी भरली की ढीगभर खेळ मिळत. पोरं तिकडे पळाली. हेमकांतला आपल्या डब्याची बाजू मांडायची होती तर खुशाल मांडावी. पण नाही. किराणा दुकानात, बायका ऐकतील अशा आवाजात तो म्हणाला, "सुपडूनं डबडं तपस. एक दिन पेटी जाई."

असं बोललं की काय होईल, ते त्याला पुरतं ठाऊक होतं. भाव चढेल म्हणून घरोघरी कापूस छतापर्यंत भरलेला. आगीच्या नुसत्या नावाने माणसं दचकतात. सुपडूची गेमची खोली तर कापसाच्या खोलीला लागूनच. मागच्या गल्लीतल्या आयांनी पोरांना घरात कोंडलं. सुपडूच्या आईने, कौसाबाईने, टीव्हीची वायर उपटली. बाकीची पोरं हेमकांतकडे परत आली आणि तो खूश झाला. झाला म्हणजे झाला, उगाच कशाला लपवायचं?

एका सकाळी सुपडू, डबा ठेवायचा की विकायचा हे विचारायला, तो पिशवीत घालून हेमकांतच्या दारात उभा राहिला.

"भाऊ, तुले यामानं समजस. आई म्हणस, इकी टाक. तू लाई देख, मंग ठरावूत."

हेमकांतने डबा जोडला आणि खेळायला बसला. मधेमधे डब्यावर तळवा ठेवायचा. थोडा तरी तापू दे, एवढंच त्याच्या मनात. डबा कोमट झाला. त्याचा स्वतःचा होतो तेवढाच. जेवणवेळ झाली तरी तसाच. शेवटी त्याने कंट्रोलर खाली ठेवला. सुपडूकडे बघवेना.

"तपत नही," तो म्हणाला. "मीच उठाडेल व्हतं ते. खोटं बोलनू."

सुपडू पिशवीची घडी करत होता. "माहीत शे. म्हणीसन तर डबा तुन्हाकडे लई वनू. मन्हं कोनी ऐकाव नही. तुन्हं ऐकतस."

सुपडूने दोन शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं. डब्याला त्याने हातही लावला नाही. तो कोणी उचलायचा, हे सांगायची गरज नव्हती. हेमकांत भरदुपारी डबा छातीशी धरून मागच्या गल्लीत गेला. ओट्यांवर बायका बसल्या होत्या. कौसाबाई दारातच होती.

"काकू, डबा चांगला शे," तो मान खाली घालून म्हणाला. "मी खोटं सांगं व्हतं."

"मले काय सांगस? त्या बायास्ले सांग. पोरं त्यास्नी कोंडेल शेतस."

हेमकांत वळला. बायकांनी हातातली कामं थांबवली होती. तो बोलला, पण ओठांतल्या ओठांत.

"ऐकाले येत नही, बापू," पलीकडच्या ओट्यावरून एकजण म्हणाली.

त्याने पुन्हा पहिल्यापासून सांगायला घेतलं.